तिचा हात सोडायचा कधी?

पत्राचा सारांश: सात वर्षांच्या मुलीची आई लिहिते. मुलीला डाउन सिंड्रोम आहे. ती पावणेतीन वर्षांची असताना चालू लागली. घरात, सपाट जमिनीवर ती आता नीट चालते. पण जिना उतरताना थबकते, मैदानावर वारंवार पडते आणि एका पायावर क्षणभरही उभी राहत नाही. आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपी चालू आहे, पण हल्ली तिथे गेल्यावर ती रडते, जमिनीवर बसकण मारते. घरी ट्रॅम्पोलिन (उड्या मारायची ताणलेली जाळी) घ्यायचा विचार आहे. वडिलांना वाटतं की थेरपी रोज व्हावी, त्यासाठी शाळा अर्धा दिवस केली तरी चालेल. आजी म्हणते, लेकराला छळू नका, वेळ आली की जमेल. शाळेत खेळाच्या तासाला तिला बाकावर बसवून ठेवतात. घराबाहेर आई तिचा हात एकदाही सोडत नाही आणि अकरा वर्षांच्या भावालाही ‘तिला धर’ अशीच सूचना असते. आई विचारते: ‘स्नायू मजबूत झाले की तोल येईल असं सगळे सांगतात. मग इतकी वर्षं व्यायाम करूनही तो का येत नाही? आम्ही कुठे कमी पडलो? ती इतर मुलांसारखी कधी चालेल?’

ताई,

आधी चालण्याच्या वयाबद्दल बोलते, कारण तुमच्या पत्रात ते दोनदा आलं आहे आणि त्यामागची सल जाणवते. डाउन सिंड्रोम असलेली मुलं सरासरी दोन वर्षांची झाल्यावर चालू लागतात, पण एक ते चार वर्षं हा पल्ला नेहमीचाच मानला जातो. २००१ मध्ये अशा मुलांच्या शारीरिक प्रगतीचे आलेख मांडणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दोन वर्षांपर्यंत चालू लागण्याची शक्यता सुमारे ४० टक्के, अडीच वर्षांपर्यंत ७४ टक्के आणि तीन वर्षांपर्यंत ९२ टक्के निघाली. तुमची मुलगी या पल्ल्यात व्यवस्थित बसते. तेव्हा तुमच्याकडून काही राहून गेलं आणि म्हणून ती आज पडते, असं नाही. ही सल मनातून काढून टाका, कारण पुढे जे सांगणार आहे त्यासाठी तुम्ही निर्धास्त असणं फार गरजेचं आहे.

आता त्या वाक्याकडे येऊ. ‘स्नायू मजबूत झाले की तोल येईल.’ हे अर्धं खरं आहे. डाउन सिंड्रोममध्ये जन्मापासून स्नायूंचा टोन, म्हणजे विश्रांतीतही स्नायूंत असणारा ताण, कमी असतो, सांध्यांना बांधून ठेवणारे लिगामेंट सैल असतात, तळपाय बहुधा सपाट असतात, हातपाय धडाच्या मानाने आखूड असतात आणि स्नायूंची ताकदही कमी पडते. यातली ताकद व्यायामाने वाढते, आणि वाढवायलाच हवी. पण तोल सांभाळणं हे मुळात मेंदूचं काम आहे. डोळ्यांना काय दिसतंय, आतल्या कानाला काय कळतंय, तळपायांना आणि घोट्यांना काय जाणवतंय, हे सगळं एकत्र करून शरीर कलायच्या आधीच नेमक्या स्नायूंना नेमक्या क्रमाने कामाला लावावं लागतं. या कामात मोठा वाटा असणारा मेंदूचा मागचा भाग, ज्याला ‘लहान मेंदू’ (सेरेबेलम) म्हणतात, डाउन सिंड्रोममध्ये नेहमीपेक्षा आकाराने लहान असतो.

१९८५ मध्ये ॲन शमवे-कुक आणि मार्जोरी वुलाकॉट या दोन संशोधकांनी डाउन सिंड्रोम असलेल्या लहान मुलांना हलणाऱ्या फळीवर उभं करून त्यांच्या पायांचे स्नायू कसे प्रतिसाद देतात ते मोजलं. स्नायू ताणला गेल्यावर होणारी साधी प्रतिक्षिप्त क्रिया या मुलांमध्ये वेळेवर होत होती. उशीर होत होता तो शरीर सावरण्याच्या प्रतिसादाला. म्हणजे सगळं खापर ढिल्या स्नायूंवर फोडता येत नाही. सावरण्याचा हुकूम उशिरा सुटतो, आणि तो लवकर सुटावा यासाठी मेंदूला सरावच लागतो. तोसुद्धा तोल जाण्याचा आणि तो परत मिळवण्याचा सराव. पलंगावर पाय वर-खाली केल्याने मांडीची ताकद वाढेल, पण कलणारं शरीर वेळेत ओळखणं त्यातून शिकता येत नाही. इतक्या वर्षांच्या व्यायामानंतरही तोल का येत नाही, या तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर यात आहे.

तुमच्या मुलीचं चालणं एकदा शांतपणे पाहा. बहुतेक ती पाय फाकवून चालत असेल, पावलं बाहेर वळलेली असतील, उभी असताना गुडघे मागे ताठ होत असतील, दचकली की धड आणि हात कडक होत असतील. पालकांना ही वाईट सवय वाटते आणि ते ‘पाय जवळ घे, सरळ चाल’ असं सांगत राहतात. मला ही सवय वाटत नाही. उशिरा येणाऱ्या हुकुमावर तिच्या शरीराने शोधलेला हा उपाय आहे: सगळं ताठ करून टाकलं की सावरायला कमी लागतं. सपाट फरशीवर हा उपाय चालतो. जिना उतरताना मात्र तो निकामी ठरतो, कारण तिथे एका पायावर सगळं वजन पेलून तोच गुडघा हळूहळू वाकवावा लागतो. जिना उतरता न येणं आणि एका पायावर उभं न राहता येणं या तुम्ही वेगळ्या लिहिलेल्या दोन अडचणी खरं तर एकच आहेत. ‘सरळ चाल’ म्हटल्याने ती सुटणार नाही. ताठपणा सोडूनही आपण पडत नाही, असा तिला अनुभव आला की तो हळूहळू सुटेल.

तो अनुभव तिला मिळतो का, हे मला तुम्हाला विचारायचं आहे.

१२ ते १९ महिन्यांच्या, सर्वसाधारण वाढीच्या मुलांना मोकळं खेळू देऊन मोजणी केलेला एक अभ्यास २०१२ मध्ये आला. ती मुलं तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकत होती आणि १७ वेळा पडत होती. तासाला सतरा वेळा! आपण ज्याला ‘आपोआप चालायला लागलं’ म्हणतो ते असं घडत असतं. तुमच्या मुलीला हा सराव इतरांपेक्षा जास्त हवा आहे, आणि तिच्या वाट्याला तो इतरांपेक्षा कमी येतोय. घराबाहेर तिचा हात तुमच्या हातात असतो, शाळेत ती बाकावर असते, थेरपीत आठवड्याचे दोन तास. उरलेल्या वेळी सपाट फरशी. मी तुम्हाला दोष देत नाही. पडून कपाळाला खोक पडलेलं लेकरू ज्या आईने उचललंय, तिने हात धरणारच. पण हात धरल्यावर शरीरात काय होतं तेही पाहा. तिचा हात वर खेचला जातो, खांदा उचलला जातो, वजन तुमच्याकडे कलतं आणि सावरायचं काम तुमची पकड करते. तिच्या घोट्यांना आणि खुब्यांना काही करावंच लागत नाही. रोज हेच घडत राहिलं तर मेंदू हाताच्या आधाराने चालायलाच शिकतो.

म्हणून हात सोडायचा, पण एका फटक्यात नाही, आणि सगळीकडे तर नाहीच. रहदारी, गर्दी, पाण्याचा काठ, गच्ची इथे हात घट्ट धरा. बाग, मैदान, घराचं अंगण, लांब मोकळी मार्गिका या जागा मोकळीक देण्याच्या. तिथे आधी हाताऐवजी कमरेच्या दोन्ही बाजूंना, खुब्यांवर हलका हात ठेवा. आधार खाली आला की धड आणि हात मोकळे होतात आणि सावरायचं काम तिच्याकडे जातं. ते जमलं की एक बोट. मग दोरीचं एक टोक तिच्याकडे आणि दुसरं तुमच्याकडे. दोरीने खरा आधार काहीच मिळत नाही, पण धीर मिळतो. पुढे फक्त शेजारून चाला. कोणता टप्पा किती दिवस लागेल हे तीच ठरवेल, आणि थकलेल्या दिवशी मागच्या टप्प्यावर गेलात तरी बिघडत नाही.

पडायचंही शिकवावं लागतं. या मुलांमध्ये हात पुढे टाकून स्वतःला झेलण्याची प्रतिक्रिया उशिरा येते, म्हणून कपाळ आणि हनुवटी आधी आपटते. गादीवर गुडघ्यांवर उभं राहून पुढे हात टाकत पडणं, कुशीवर पडणं आणि मग कुणाचाही हात न धरता उठणं, याचा खेळ करा. उठताना एक गुडघा टेकवून दुसरं पाऊल पुढे ठेवायला शिकवा. त्या एका हालचालीत मांडीचा उत्तम व्यायाम होतो. आणि ती पडली की लगेच ओरडू नका. ती आधी तुमच्या चेहऱ्याकडे पाहते, आणि घाबरायचं की नाही ते त्यावरून ठरवते.

हे सुरू करण्याआधी काही तपासण्या करून घ्या. त्या झालेल्या असतील तर तारखा पाहा, कारण वाढत्या वयात त्या पुन्हा कराव्या लागतात. निम्म्याहून अधिक मुलांना नजरेचा काही ना काही दोष असतो, आणि पायरीची कड नीट दिसत नसेल तर कोणतंही मूल थबकेल. कानाच्या पडद्यामागे पाणी साचणं, ऐकू कमी येणं हेही फार आढळतं. थायरॉइडची रक्ततपासणी दरवर्षी हवी. ती घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण रात्री नीट झोप न झालेलं मूल दिवसा जास्त पडतं. जवळपास निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा दोष असतो. तुमच्या मुलीला तो होता का हे पत्रात नाही. असला तर धावपळीला किती मोकळीक आहे ते हृदयरोगतज्ज्ञांकडून स्पष्ट विचारून घ्या. पुष्कळदा ऑपरेशननंतर पूर्ण मोकळीक दिलेली असते आणि घरच्यांची भीतीच मागे उरलेली असते.

मानेबद्दल थोडं सविस्तर सांगते. डाउन सिंड्रोममध्ये मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा काही मुलांत सैल असतो. एक्स-रेमध्ये हा सैलपणा साधारण १० ते २० टक्के मुलांत दिसतो, पण मज्जारज्जूवर दाब येऊन त्रास होणारी मुलं १ ते २ टक्केच असतात. पुढे कुणाला त्रास होईल हे एक्स-रेवरून नीट सांगता येत नाही, म्हणून लक्षणं नसताना सरसकट एक्स-रे काढण्याचा सल्ला अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संस्था देत नाही. लक्षणांवर नजर ठेवायला मात्र सांगते. मान दुखणं, डोकं एका बाजूला धरणं, चालण्यात अचानक बदल, हातापायांत अशक्तपणा, हातांचं कौशल्य कमी होणं, शी-शूवरचा ताबा पुन्हा सुटणं. यातलं काहीही दिसलं तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. तुम्ही ट्रॅम्पोलिन घ्यायच्या विचारात आहात असं लिहिलंय. तो विचार सोडा. कोलांटउड्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. आणखी एक गोष्ट आयुष्यभर लक्षात ठेवा. उशिरा शिकणं हे डाउन सिंड्रोमचं वैशिष्ट्य आहे, पण शिकलेलं गमावणं हे नाही. चालणारी मुलगी लंगडू लागली, जिना चढणारी चढेनाशी झाली, तर ‘या मुलांचं असंच असतं’ यावर गप्प बसू नका. खुबा, गुडघ्याची वाटी, सांध्यांची सूज, मान यांपैकी काहीतरी बिघडलेलं असू शकतं आणि ते शोधलंच पाहिजे.

आता तिच्या बाबांचा प्रस्ताव. रोज सराव हवा हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. तो क्लिनिकमध्येच आणि शाळेच्या मोबदल्यात व्हावा, हे पटत नाही. २००१ मध्येच डेल उलरिक हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डाउन सिंड्रोम असलेल्या बाळांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. आधाराशिवाय जेमतेम बसू लागलेल्या बाळांना त्यांच्या आईबाबांनी घरीच, अगदी संथ ट्रेडमिलवर धरून चालवलं. दिवसाला आठ मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. बाकीची थेरपी या बाळांना आणि ट्रेडमिल न वापरलेल्या दुसऱ्या गटाला सारखीच होती. ट्रेडमिलवर चाललेली बाळं दुसऱ्या गटापेक्षा सरासरी १०१ दिवस आधी चालू लागली. तुमच्या मुलीला आता ट्रेडमिलची गरज नाही. मला त्यातलं प्रमाण महत्त्वाचं वाटतं: रोज थोडा वेळ, घरी, आईबाबांच्या हातून, आणि जे शिकायचंय त्याच हालचालीचा सराव. आठवड्याच्या दोन तासांत हे कुणालाही साधणार नाही, मग थेरपिस्ट कितीही निष्णात असो. मुलीचं नेमकं काय अडतंय ते हेरणं, त्यावरचा खेळ तुम्हाला शिकवणं आणि तो जमला की पुढचा ठरवणं, हे थेरपिस्टचं काम. तेव्हा भेटी वाढवण्याऐवजी भेटीचं रूप बदलून मागा. प्रत्येक वेळी निम्मा वेळ तुमच्या शिकण्यासाठी असावा. घरचा सराव नीट बसला तर पुढे आठवड्याला एकच भेटही पुरू शकेल. हे थेरपिस्टशी बोलून ठरवा.

ती तिथे का रडते, याचाही अंदाज तुमच्या पत्रातूनच येतो. ‘तीस वेळा उठ-बस, मग फळीवर उभं राहायचं, मोजेपर्यंत हलायचं नाही.’ सात वर्षांच्या मुलीला यात काय गंमत वाटावी? डाउन सिंड्रोम असलेली मुलं पाहून फार चांगलं शिकतात, नक्कल सुरेख करतात, माणसांत रमतात. ऐकलेल्या लांबलचक सूचना लक्षात ठेवणं मात्र त्यांना जड जातं. म्हणून सांगू नका, करून दाखवा. शब्द दोन-तीनच आणि दर वेळी तेच. करून दाखवल्यावर थांबा, मनातल्या मनात दहा अंक मोजा. तिला प्रतिसाद जुळवायला वेळ लागतो आणि आपण त्या वेळात दुसरी सूचना देऊन पहिली पुसून टाकतो. बसकण मारणं हा बहुधा हट्ट नसून भीती असते. पायाखाली काहीतरी हललं, पकड सुटली, आणि सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे जमीन. अशा वेळी ओढून उभं करू नका. काम एक पायरी सोपं करा आणि ती दमायच्या आधी, तिचं जमलेलं असतानाच थांबा.

घरच्या सरावात जिन्यापासूनच सुरुवात करा, कारण तो तिला रोज लागतो. भिंतीजवळ एक पक्का, ठेंगणा पाट किंवा पेटी ठेवा, नेहमीच्या पायरीच्या निम्म्या उंचीची. एक पाऊल त्यावर, दुसरं जमिनीवर, आणि अशा उभ्या स्थितीत चेंडू फेका, आरशावर चित्रं चिकटवा, फुगे फोडा. वजन आपोआप एका पायावर जातं आणि तिला कुणी ‘एका पायावर उभी राहा’ म्हणत नाही. दोन्ही पाय आलटून पालटून करा. मग पेटीवर चढणं, आणि सगळ्यात शेवटी उतरणं. आधी तोंड पेटीकडे करून मागे पाऊल टाकत उतरू द्या. पुष्कळ मुलांना ते सोपं जातं. समोर तोंड करून उतरताना गुडघा धप्पकन न सोडता हळू वाकवायला लावा, ‘आवाज न करता उतर’ एवढंच सांगा. हे जमू लागलं की खऱ्या जिन्याच्या शेवटच्या दोन पायऱ्या. तिचा हात कठड्यावर, तुम्ही तिच्या खालच्या पायरीवर. कठडा तिच्या उंचीला येत नसेल तर खाली एक दांडा बसवून घ्या, आणि पायऱ्यांच्या कडांना भडक रंगाची पट्टी चिकटवा. एक एक पायरी करत, दोन्ही पाय टेकवत ती उतरली तरी ते उतरणंच आहे. पाय आलटून उतरण्याची घाई नको.

बाकीचा सराव दिवसाच्या कामांतच मिसळा. जमिनीवरची खेळणी उकिडवं बसून उचलायची. दोन्ही हातांत टोपली धरून चालायचं, म्हणजे हात वर धरण्याची सोय उरत नाही. आडवं चालायचं, उलटं चालायचं, जमिनीवर चिकटवलेल्या पट्टीवरून चालायचं. बसून घालायची पँट भिंतीला पाठ टेकून उभ्याने घालायची. गवत, वाळू, उतार, गादी असे वेगवेगळे पृष्ठभाग पायाखाली येऊ द्यायचे, आणि सुरक्षित जागी अनवाणी, कारण तळपायालाही शिकायचं असतं. अवघड करताना एका वेळी एकच गोष्ट बदला: पेटी उंच केली तर चेंडू बंद, गादीवर उभं केलं तर हाताला आधार.

घोटे आत कलत असतील तर घोट्यापर्यंतच्या आधाराचे स्प्लिंट (बुटात घालायचे कडक आधार) सुचवले जातात. चालणाऱ्या मुलांत त्यांनी तोल सुधारल्याचे अभ्यास आहेत. न चालणाऱ्या बाळांना ते फार लवकर घातले तर उलट प्रगती मंदावते असंही दिसलं आहे. तुमच्या मुलीसाठी ते घालून आणि न घालता, दोन्ही वेळा थेरपिस्टने तपासून मगच ठरवावं. घोड्यावरची थेरपी, पोहणं, नाच, पडद्यासमोरचे तोलाचे व्हिडिओ गेम या सगळ्यांबद्दलही पालक विचारतात. छोट्या अभ्यासांत फायदा दिसतो, पण यातलं एक दुसऱ्याहून सरस असं म्हणायला आधार नाही. तिला आवडेल आणि तुम्हाला वर्षभर निभावेल ते घ्या. मला विचाराल तर नाच, कारण त्यात नक्कल आहे, ताल आहे आणि वजन सतत एका पायावरून दुसऱ्या पायावर जातं.

शाळा अर्धी करू नका. तिच्या वयाच्या मुलांना धावताना, उड्या मारताना पाहून जे ती उचलेल ते कोणत्याही क्लिनिकमध्ये मिळणार नाही. बदलायचा आहे तो खेळाचा तास. शाळेने तिला बाकावर बसवलं ते काळजीपोटीच असेल, पण परिणाम असा की सगळ्यात जास्त गरज असलेल्या मुलीला सगळ्यात कमी सराव मिळतो. थेरपिस्टकडून एका पानाचं पत्र घ्या: ती काय स्वतः करू शकते, कशाला शेजारी माणूस लागतं, काय अजिबात करायचं नाही आणि मानेची कोणती लक्षणं ओळखायची. ‘तिला खेळात घ्या’ या विनंतीपेक्षा शिक्षकांना असं पत्र धीर देतं, कारण मनाई कशाची आहे हे कळलं की बाकीचं करायला ते मोकळे होतात. धक्काबुक्कीच्या खेळात तिला गोल मोजणारी, चेंडू आणून देणारी, शिट्टी वाजवणारी अशी फिरती कामं द्यायला सांगा.

तुमचा शेवटचा प्रश्न, इतर मुलांसारखी कधी? खरं उत्तर द्यायला हवं. तिचं सावरणं बहुधा नेहमीच थोडं संथ राहील, चाल थोडी रुंद राहील. पण सुधारणा सात वर्षांवर थांबत नाही; शाळकरी आणि किशोरवयीन मुलांतही ताकद आणि तोलाच्या नियमित व्यायामाने फरक पडलेला दिसतो. उलरिक यांनीच ८ ते १५ वर्षांच्या, डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांना दोन चाकी सायकल शिकवण्याचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. पाच दिवसांच्या प्रशिक्षणात निम्म्याहून जास्त मुलं सायकल चालवायला शिकली, आणि वर्षभरानंतर त्यांचा बसून राहण्यातला वेळ कमी झालेला होता. तेव्हा ‘इतर मुलांसारखी’ हे माप बाजूला ठेवा. त्याऐवजी तिला स्वतःला हव्या असलेल्या दोन गोष्टी ठरवा. घसरगुंडीवर एकटीने चढणं असेल, भावाबरोबर चेंडू लाथाडणं असेल. तिलाच विचारा, चित्रं दाखवून विचारा. थेरपिस्ट मुलांच्या तोलासाठी १४ कामांची, ५६ गुणांची एक चाचणी वापरतात. ती वर्षातून एक-दोनदा करून घ्यायला हरकत नाही. पण घरी दर तीन महिन्यांनी त्याच जिन्यावरचा, त्याच जागेवरून काढलेला छोटा व्हिडिओ तुम्हाला जास्त सांगेल. रोज पाहणाऱ्याला फरक दिसत नाही.

आजींचं म्हणणं मोडीत काढू नका. छळ नको, हे त्या बरोबर सांगताहेत. वेळ आपोआप येते, एवढंच तेवढं खरं नाही. घरातल्या सरावात त्यांना सामील करून घ्या. नात उकिडवी बसून वस्तू उचलून आणून देते, आजी पुढची वस्तू मागते, असा खेळ त्यांच्याइतका धीराने कुणी खेळणार नाही. बाबांकडे जिन्याचं काम द्या. रोज काहीतरी व्हावं ही त्यांची तळमळ तिथे कामी येईल.

आणि मुलाबद्दल. ‘तिला धर’ ही सूचना आजपासून बंद करा. अकरा वर्षांच्या मुलावर बहिणीच्या पडण्याची जबाबदारी टाकली की तो तिच्याशी खेळणं टाळू लागतो, कारण खेळताना ती पडली तर चूक त्याची ठरते. त्याला स्पष्ट सांगा की ती पडली तर त्याला कुणी रागावणार नाही, आणि रस्ता ओलांडायचा असेल तेव्हा मोठं माणूस सोबत असेल. गादीवर पडण्याचा खेळ त्यालाच आधी करून दाखवायला लावा. तिने कुणाची नक्कल सगळ्यात आवडीने करावी, तर त्याचीच. पुढच्या आठवड्यात थेरपीला जाताना त्यालाही बरोबर न्या आणि पेटीवरचा चेंडूचा खेळ थेरपिस्टसमोर दोघांना खेळू द्या. ती कुठे अडते आणि कुठे स्वतःच्या नादात सहज करून जाते, ते तेव्हा थेरपिस्टला दिसेल, आणि घरचा पुढचा सराव त्यावरून ठरवता येईल.